चहाचा रकाना

५ एप्रिल

आमच्या ह्यांना आज घरी आणलं. बारा दिवस दवाखान्यात होते. हृदयाचा ठेका चुकतो, त्यामुळे रक्ताची बारीकशी गुठळी होऊन मेंदूत गेली, असं सांगितलं. उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. बाकी सगळं जागेवर आहे, जीभ तर आहेच. बसमधून उतरता उतरता म्हणाले, "मळ्याच्या वरच्या तुकड्यातले पंखे लावलेत का? आज दहिवर गोठणार, हवा हलती राहायला हवी." मरता मरता वाचलेला चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि काळजी कसली, तर चहाच्या कोंबांची.

डॉक्टर कागावाबाई तरुण आहेत, उत्तरेकडच्या. मेजावर कॉफीचा मग होता. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, जन्मभर. नव्या जातीच्या गोळ्या ह्यांच्या मूत्रपिंडांना झेपणार नाहीत, म्हणून ही जुनीच. तिच्यासाठी रक्ताचा आकडा वरचेवर तपासायचा. तो १.६ ते २.६ च्या मध्ये राहिला पाहिजे. खाली घसरला तर पुन्हा गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. आज २.० आहे.

नात्तो बंद. आंबवलेल्या सोयाबीनचा एक दाणासुद्धा पोटात जायला नको, गोळी निकामी होते. भाज्यांच्या रसाची ती हिरवी पाकिटं असतात, तीही बंद.

"आरोग्यासाठी म्हणून आणखी काही घेता का घरी?"

"छे हो. आमच्याकडे औषधाची बाटलीसुद्धा नाही. आम्ही चहावाले."

"चहा प्यायला हरकत नाही," म्हणाल्या. हे मी विचारलंच नव्हतं.

जे जे खातील ते वहीत लिहून आणायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन रकाने. दुकानात वह्या दोन-दोनच्या संचात होत्या. एकीत रकाने आखले. दुसरी ही. एकाहत्तराव्या वर्षी रोजनिशी लिहायला घेतेय, कारण एका जागी बसवत नाही आणि हातात पेन असलं की निदान पाय थांबतात.

७ एप्रिल

फडताळातला नात्तो काढला, कागदात गुंडाळला, पिशवीत बांधला आणि रस्त्यापलीकडच्या कचऱ्याच्या पेटीत टाकून आले. परत आले तर वाटलं, चमच्याला लागलेला असेल. सगळे चमचे उकळले.

"मलाही उकळून घे एकदा," हे म्हणाले.

दुपारी शेजारची हात्सुए आली. आमच्या सहकारी संस्थेच्या महिला मंडळाची ती प्रमुख. 'चहा खा' म्हणून मोहीम काढली आहे त्यांनी, तिचे कागद वाटत फिरते.

"शिगे, अगं, पाण्यात उतरतो तो तीस टक्के. उरलेले सत्तर गाळणीत बसून आपल्याला हसतात. हृदयाला चांगला, रक्ताला चांगला, चरबी जाते, दात टिकतात. सगळं छापलंय बघ."

"मग तुझे दात कुठे गेले?"

"मी जन्मभर नुसता प्यायला ना! खाल्ला असता तर आज ऊस सोलला असता."

हे खोलीतून ओरडले, "चहा ही प्यायची वस्तू आहे. पानं काय, बकरीही खाते."

"तोकुजीसान, तुम्हाला नाही विचारलं," हात्सुए म्हणाली. "तुमचं हृदय काय म्हणतंय ते विचारतेय."

ती गेल्यावर माळ्यावरून आईचं जातं काढलं. भाकरीएवढं आहे, एका हाताने फिरतं. धुऊन उन्हात ठेवलं.

९ एप्रिल

मागच्या वर्षीच्या चांगल्या पानांची भुकटी केली. तळहाताएवढी व्हायला अर्धा तास लागतो. सकाळी मिसोच्या सारात एक चमचा, दुपारी भातावर एक. ह्यांनी वाटीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि खाल्लं.

डॉक्टरीणबाईंच्या वहीत लिहिलं: मिसोचं सार, भात, भाजलेला बांगडा, मुळ्याचं लोणचं.

१२ एप्रिल

आकडा १.८. रेषेच्या आत आहे, पण खाली आला. बाई म्हणाल्या, काळजी नको. ज्याला घरी जाऊन वाट बघायची नसते त्याने असं म्हणावं.

बसमधून डोंगर हिरवे दिसत होते. पंधरा दिवसांत खुडणी. दोन मेला अठ्ठ्याऐंशीवी रात्र, वसंताच्या पहिल्या दिवसापासून मोजलेली. त्या दिवशी खुडलेला चहा घेतला की वर्षभर दुखणं येत नाही. दरवर्षी ह्यांनी तापल्या पाटावर पाच-पाच तास मळून, सुईसारखा वळून, देवळात ठेवायचा, हा आमच्या गावचा पंचेचाळीस वर्षांचा नेम. ह्यांनी अजून तो विषय काढलेला नाही. म्हणजे डोक्यात तोच आहे.

१९ एप्रिल

१.५. रेषेखाली.

बाईंनी वही बोट फिरवत वाचली. "नात्तो तर नाही ना, आजी? चुकून? शेजारी वगैरे?"

"शेजारीण आली तर मी तिचे हात धुवायला लावते," मी म्हटलं. रागच आला. ह्यांच्यासाठी मी अळूच्या देठासारखी तासली गेले आहे आणि मला नात्तो विचारतात.

गोळी अडीच मिलिग्रॅमवरून तीन केली.

घरी आले, पदर खोचल्यासारखी कामाला लागले. मागची खोली झाडली, गोदामातली सुपं मोजली, पुन्हा मोजली. हे ओसरीवर हात खिशात घालून बसले होते. खिशात काय करतात ते मला माहीत आहे. बोटं मळतात, पानं असल्यासारखी.

२० एप्रिल

एक चमचा पुरत नसेल. रक्त घट्ट होतंय म्हणजे ते धुवायला जास्त हवं. आजपासून सारात दोन, भातावर एक, संध्याकाळी पेजेत एक.

"आज सार आहे की शेवाळ?" हे.

"गुणाचं आहे."

"गुणाला चव नसते का?"

खाल्लं मात्र सगळं.

२३ एप्रिल

आज भांडण झालं. देवळाचा पुजारी विचारायला आला, यंदा चहा कोण वळणार. मी म्हटलं, यंदा नाही. हे आतून म्हणाले, मीच. पुजारी आमच्या दोघांकडे बघत चपला शोधत होता.

"पाच तास उभं राहायचं, पाट तापलेला, बोटं बधिर. भाजलं तर कळणारसुद्धा नाही तुम्हाला!"

"भाजेल ते हाताला. तुझ्या सारासारखं पोटाला नाही."

 गोदामात जाऊन जातं घेतलं आणि फिरवत बसले. जरा वेळाने हे दारात आले.  मला वाटलं, माफी मागतील. तर म्हणाले, "डाव्या अंगाला जरा जड फिरतंय. खुंटा झिजलाय." आणि लाकडाची चकती लावून खुंटा घट्ट करून दिला. एका हाताने.

२६ एप्रिल

१.४. गोळी साडेतीन.

खुडणी सुरू झाली. आमचा मळा पुतण्या बघतो, त्याची यंत्रं सकाळपासून वरच्या उतारावर घरघरतात. मी मात्र हाताने एक टोपली खुडून आणली, शेंड्याची दोन पानं आणि कळी. कोवळी पानं तळून खायला चांगली, हात्सुएच्या कागदावर कृतीच आहे. ह्यांनी तळलेलं पान उचलून दिव्याकडे धरलं. म्हणाले, "हे वळलं असतं तर तीन घोट झाले असते." मग मीठ लावून खाल्लं.

२८ एप्रिल

सकाळी सात वाजता हे कपबशी पुढे करून काहीतरी म्हणाले आणि ते शब्द नव्हते. पहिल्यांदा वाटलं, थट्टा करतायत. मग कप हातातून सुटला. तोंड उघडतंय, डोळे माझ्यावर आहेत, आणि आवाज पाण्याखालचा. मी रुग्णवाहिकेला फोन केला आणि "अहो, अहो" करत राहिले. दहा मिनिटं. रुग्णवाहिका वळणावर दिसली तेव्हा स्पष्ट म्हणाले, "कप फुटला का?"

दवाखान्यात ठेवून घेतलं. पुन्हा बारीक गुठळी, आपोआप विरली. पुढची विरेलच असं नाही, कागावाबाई म्हणाल्या. कडक बोलल्या नाहीत, हळू बोलल्या. ते जास्त वाईट.

१ मे

तीन दिवस खुर्ची, पायऱ्या, खुर्ची. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. त्यांचं ते पांचट जेवण: पांढरी पेज, पांढरा मासा, पांढरा तोफू. माझ्या पिशवीत भुकटीची डबी होती, पण नर्सबाई डोळ्यात तेल घालून असतात.

आणि आकडा १.९ झाला! त्या जेवणावर!

बसमध्ये विचार केला आणि उलगडलं. तिथे ह्यांना हलू दिलं नाही, म्हणून. विश्रांती. घरी हे मळ्यात चकरा मारतात, गोदामात डोकावतात. आता हलू देणारच नाही. विश्रांती आणि भुकटी दोन्ही एकत्र झाली की आकडा पळत वर जाईल.

२ मे

अठ्ठ्याऐंशीवी रात्र. हे घरी आहेत. मी हरले.

चहा पुतण्याने मळला, पहिले चार तास. हे शेजारी स्टुलावर बसून "सैल धर", "अरे, कुणाची मानगूट नाही धरायची" म्हणत राहिले. शेवटच्या वळणीला उठले. मी मध्ये आले नाही, कारण त्यांचा चेहरा मी बघितला. डाव्या हाताने वळत होते, उजवा नुसता वर ठेवलेला. पानं सुईसारखी नाही झाली. थोडी वाकडी झाली. पुजाऱ्याने डोक्याला लावून नेली.

उरलेला चिमूटभर आम्ही घेतला. कोमट पाणी, दोन मिनिटं थांबून. शेवटचा थेंब हे माझ्या कपात झटकून देतात, नेहमीसारखा. जिभेवर आधी गोड, मग समुद्रासारखा. वर्षभर दुखणं नाही.

गाळणीतली पानं मी टाकली नाहीत. सोयाच्या रसात कालवून ह्यांनाच दिली.

५ मे

आजपासून: सारात दोन चमचे, भातावर एक, तोफूवर एक, पेजेत दोन. खुडणीच्या धामधुमीत डॉक्टरीणबाईंची वही भरायची राहते. ही मात्र राहत नाही. ही स्वतःच हात धरून लिहवून घेते.

जातं दिवसातून दोनदा फिरवते. त्या वेळी हे कुठूनतरी येतात आणि जवळ बसतात. पेपर वाचतात. उलटून ठेवतात. पुन्हा तेच पान वाचतात.

९ मे

१.४.

मी बाईंना म्हटलं, यंत्र बिघडलंय. त्या नाही म्हणाल्या. वही उघडली. एक तारखेपासून पानं कोरी. "आजी, मला ह्याच्यावरूनच काही कळेल. जसं आठवेल तसं पूर्ण करा." मग ह्यांना बाहेर पाठवून दार लावलं. "एक विचारते, राग मानू नका. गोळी गिळतात ना ते? काही पुरुष तोंडात धरून ठेवतात आणि नंतर थुंकतात."

गोळी साडेचार केली. दुकानात तेवढ्या नव्हत्या, चार दिवसांच्या दिल्या. उरलेल्या तेराला.

संध्याकाळी गोळी दिली आणि म्हटलं, "आ करा."

"काय?"

"जीभ वर करा. डावीकडे. उजवीकडे."

पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. पण जीभ वर केली. खाली काही नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी घासली. मग ठरवलं, पेजेत तीन.

१३ मे

आज लिहायला हात धजत नाही, पण सगळं लिहिते.

गोळ्या आणायला एकटीच गेले. बसमध्ये पाऊण तास, म्हणून दोन्ही वह्या मांडीवर घेतल्या आणि ह्या वहीतून त्या वहीत उतरवत गेले. बस वळणं घेत होती, अक्षर बेडकासारखं उड्या मारत होतं. विचार न करता जे दिसेल ते लिहीत होते. औषधाच्या दुकानापाशी उतरले तेव्हा शेवटची ओळ बाकी होती, ती तिथल्या बाकावर बसून लिहिली.

दुकानदार नागुरा पन्नाशीचे आहेत. त्यांच्या आईचं माहेर आमच्या पलीकडच्या खोऱ्यात. गोळ्या मोजता मोजता थांबले.

"काकू, साडेचार? ह्या वयाला एवढी मी फार थोड्यांना दिली आहे. आणि तरी आकडा वर येत नाही?"

"नाही."

"ती वही बघू जरा?"

बोट लावून वाचत गेले. एका ओळीवर बोट थांबलं.

"हे काय? 'सारात दोन चमचे, भातावर एक, तोफूवर एक, पेजेत दोन.' कशाचे चमचे?"

"चहाचे."

"चहाचे म्हणजे?"

"पानांची भुकटी. जात्यावर दळते मी. आणि मग तळलेली पानं, गाळणीतली..." मी बोलता बोलता हळू झाले, कारण त्यांनी गोळ्या बाजूला ठेवल्या होत्या.

"मागच्या पानांवर नाही हे कुठे. एप्रिलात?"

"एप्रिलातही होती. लिहिली नाही. चहा कोण लिहितं? पाणी कोण लिहितं?"

ते हसले नाहीत. "माझ्या आईनेही लिहिला नसता," म्हणाले. काउंटरला वळसा घालून बाहेर आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. मग शाळेत समजावतात तसं सांगितलं. नात्तोमध्ये जे असतं, गोळीशी भांडणारं, ते हिरव्या पानातही भरपूर असतं. पण ते पाण्यात उतरत नाही, पानातच राहतं. म्हणून चहा खुशाल प्या. पान खाल्लं की सगळं पोटात.

म्हणजे गाळणीत जे सत्तर टक्के बसून होते, त्यांत हेही होतं.

मी उभी राहिले. "आजपासून बंद. आत्ता घरी जाते आणि जातं नदीत टाकते."

"काकू, बसा! एकदम बंद करायचं नाही!" पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "ही मात्रा वाढत वाढत साडेचारवर आली, ती तुमच्या चमच्यांशी झुंजत. चमचे एकाएकी काढून घेतलेत तर समोर कुणीच नाही, गोळी एकटी. रक्त नको इतकं पातळ होईल. मेंदूत रक्तस्राव झाला तर?"

त्यांनी कागावाबाईंना फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत होतं. मग बाई म्हणाल्या, "चहाचं मी बोलले होते. प्यायला हरकत नाही, एवढंच सांगितलं; खातात का, ते विचारलं नाही." उद्या सकाळी आठ वाजता ह्यांना घेऊन या, रक्त बघू, गोळी आणि भुकटी दोन्ही मिळून बेताने खाली आणू. आजच्या दिवस मनाने काही बदलायचं नाही. गोळी तीच. चमचे तेच.

"आजही घालायची?" मी विचारलं.

"आजही घाला," नागुरा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी उभीच होते. जागा रिकाम्या होत्या.

संध्याकाळी पेज वाढली. ह्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. एप्रिलपासूनचं, चमच्यांसकट. अठ्ठावीस तारखेचं मी स्वतः बोलले, ह्यांनी विचारायच्या आधी. ती दहा मिनिटं माझ्या हातची होती.

हे पेजेकडे बघत होते. म्हणाले, "मग आज किती?"

"तीन."

"घाल."

माझ्याने चमचा उचलवेना. उचलला तर भुकटी मेजावर सांडली. ह्यांनी डबी स्वतःकडे ओढली आणि उजव्या हाताने, त्या दोन बोटांनी, तीन चमचे मोजून घातले. ढवळले. एक घास घेऊन तोंड वाकडं केलं.

"आता सांगायला हरकत नाही," म्हणाले. "फार वाईट लागतं हे. पहिल्या दिवसापासून."

"मग खाल्लं कशाला? बोलायचं होतं! डॉक्टरीणबाईंजवळ बोलायचं!"

"अगं, मी आजारी पडल्यापासून तू बसलीस कुठे? झाडतेस, मोजतेस, चमचे उकळतेस. रात्रीसुद्धा कुशी बदलत असतेस. जातं फिरवताना तेवढी तू एका जागी बसायचीस. अर्धा तास." दुसरा घास घेतला. "म्हटलं, बसू दे. खाऊ आपण."

 त्यांनी वाटी रिकामी केली आणि मेजावर सांडलेली भुकटी बोटाने पुसून घेतली. तीही खाल्ली. "तीन म्हणजे तीन," म्हणाले.

१४ मे

१.५. गोळी उतरवायची, भुकटी उतरवायची, दर तीन दिवसांनी रक्त. बाईंनी माझ्या वहीत स्वतः पट्टीने चौथा रकाना आखला. वर लिहिलं: चहा.

"प्यायलेला किती, खाल्लेला किती, वेगवेगळं लिहा," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मीही नव्या पेशंटना आता असंच विचारणार आहे."

त्यांना गावचा चहा पाठवायला हवा. कॉफीच्या मगात करू नका म्हणावं.

२० मे

दोन चमचे. १.७.

हात्सुएला सांगितलं. ती रडली, मग तिच्या कागदांच्या गठ्ठ्यावर प्रत्येकावर हाताने लिहीत बसली: रक्त पातळ करणारी गोळी असेल त्यांनी आधी विचारा. दोनशे कागद. मी पन्नास लिहिले. ह्यांनी तीन लिहिले आणि बोटं दुखतात म्हणाले.

२९ मे

भुकटी शून्य. गोळी अडीच. आकडा २.१.

जातं धुऊन, पुसून माळ्यावर ठेवायला निघाले होते. हे म्हणाले, राहू दे खाली, तीळ दळायला होईल.

मग म्हणाले, "बस तिथे." आणि चहा ह्यांनी केला. पाणी निववलं, पानं घातली, थांबले. ओतताना उजवा हात हलला, थोडा चहा बशीत गेला. मी उठायला लागले तर डोळ्यांनी दाबलं. शेवटचा थेंब झटकायला त्यांना तीन वेळा मनगट हलवावं लागलं. तिसऱ्यांदा पडला, माझ्या कपात.

वहीत लिहिलं. चहा: प्यायलेला, दोन कप. खाल्लेला, नाही.

तेवढा वेळ मी बसून होते.